जानेवारीत स्पीती, गाडी हायब्रिड: तयारी काय करू?

घाटवाट | १ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून गाडीने हिमाचलातल्या स्पीतीला जायचं चाललंय. मी, बायको आणि मेहुणा. २०१९ च्या उन्हाळ्यात मित्राच्या डिझेल गाडीतून मनालीमार्गे गेलो होतो. ताबोच्या मठात बायको तासभर बसून राहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, हे मला एकदा बर्फात बघायचंय. तेव्हापासून ते राहूनच गेलंय. यंदा तिला पन्नास पूर्ण होतायत, त्यामुळे आता टाळायचं नाही असं ठरवलंय.

हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, म्हणजे मनालीकडून वाट नाही. शिमला, रामपूर, रिकाँगपिओ, नाको, ताबो, काझा असं जायचं आणि त्याच रस्त्याने परतायचं.

प्रश्न गाडीचा आहे. २०२३ ची हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोडीला मोटर, आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांना. आतापर्यंत २१,००० किमी झालेत, सगळे पुणे, कोकण आणि एकदा हंपी. म्हणजे थंडी म्हटली तर महाबळेश्वरची.

सोसायटीतला प्रत्येक जण वेगळं सांगतो. एक म्हणतो थंडीत हायब्रिडची बॅटरी मरते आणि नवीन घ्यायला लाखाच्या घरात जातात. दुसरा म्हणतो काही होत नाही, पेट्रोल गाडीसारखीच चालव. बर्फ सोडाच, रिकाँगपिओच्या पुढे रस्ताही जागोजागी नुसती खडी आणि दगड असतो, तिथे खालून काही लागलं तर? ज्यांनी हायब्रिड खरोखर थंडीत किंवा कच्च्या रस्त्यावर चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सव्वा महिना हातात आहे.

पाना_दहाचा | १ डिसेंबर, रात्री ११:१५

घाटवाट, नाशिकला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. गेली काही वर्षं हायब्रिड नियमित येतात. तुम्ही ज्या बॅटरीची काळजी करताय ती चुकीची बॅटरी आहे.

गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी, म्हणजे मोटर चालवणारी, लिथियमची आहे. ती थंडीत मरत नाही, पण आखडते. गोठणबिंदूखाली लिथियमच्या पेशीत जोरात चार्ज ढकलला तर तिचं कायमचं नुकसान होतं, म्हणून गाडीचा संगणकच हात आखडता घेतो. नुसत्या मोटरवर चालणं कमी होईल, ब्रेक दाबल्यावर वीज परत भरणं कमी होईल, इंजिन जास्त वेळ चालू राहील, ॲव्हरेज पडेल. घाबरू नका. तासाभराने आतली हवा आणि बॅटरी दोन्ही गरम झाल्या की ती मोकळी होते.

खरी काळजी १२ व्होल्टच्या लहान बॅटरीची. तुमच्या गाडीत इंजिनाला फिरवून चालू करणारा नेहमीचा स्टार्टर नाही, ते काम मोठ्या बॅटरीवर मोटर करते. पण मोठी बॅटरी जोडणारा रिले आणि सगळे संगणक १२ व्होल्टवर जागे होतात. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही डॅशवर रेडी, म्हणजे गाडी चालायला तयार असल्याची खूण, येणार नाही. गाडी नुसती उभी. आणि स्टार्टर फिरवायचा नसल्यामुळे ही बॅटरी कमजोर होत चालल्याचं ड्रायव्हरला कळतच नाही. साध्या गाडीत सकाळी इंजिन रडत चालू झालं की आपण सावध होतो. इथे ती शेवटच्या दिवसापर्यंत निमूट काम करते आणि एका सकाळी काहीच करत नाही.

उतरलेल्या बॅटरीला दुसराही धोका. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० पर्यंत गोठत नाही. उतरलेलीत जवळजवळ पाणीच उरतं, ते उणे ७ ते १० च्या दरम्यान गोठतं आणि खोकं फुटतं.

निघण्याआधी लोड टेस्ट करून घ्या. रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज १२.६ च्या आसपास हवं. १२.२ म्हणजे अर्धी उरली. जरा शंका आली तर नवीन टाका, तो खर्च या प्रवासात सगळ्यात स्वस्त आहे. शिवाय खिशात मावणारा जंप पॅक, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला जागं करणारी छोटी बॅटरी, घ्या. बॅटरी नेमकी कुठे बसवली आहे आणि जंपसाठी कुठल्या टोकांना लावायचं ते मॅन्युअलमध्ये बघून हाताने एकदा करून ठेवा, काही हायब्रिडमध्ये ती डिकीत असते. दुसऱ्या कुणाची गाडी बंद पडली तर तुमच्या हायब्रिडवरून जंप देऊ नका, महागडी सर्किटं जळतील.

डॅशकॅम पार्किंगमध्ये चालू राहणारा असेल तर त्याची वायर काढा.

रानवारा | २ डिसेंबर, सकाळी ८:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्पीतीला जानेवारीत पुढच्या दोन चाकांची गाडी नेणं मला पटत नाही. त्याच कुटुंबातली माइल्ड हायब्रिड फोर व्हील ड्राइव्हमध्ये मिळते, स्नो मोडसकट. ॲव्हरेज कमी, पण चारही चाकं ओढतात. भाड्याने का होईना, तशी गाडी न्या. मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा फोर बाय फोर, आणि नाकोच्या अलीकडे चारही चाकं गरगरताना पाहिली आहेत.

उणे_तीस | २ डिसेंबर, सकाळी १०:४०

मी कॅनडात कॅलगरीला राहते, मूळची सांगलीची. दारात हायब्रिड आहे आणि हा तिचा सहावा हिवाळा. इथे उणे ३० अंश म्हणजे शाळा भरलेल्याच असतात आणि लोक कामाला जातातच, त्यामुळे यातलं जवळजवळ सगळं आम्ही रोज करतो.

रानवारा, तुमचा मुद्दा अर्धाच मला मान्य आहे. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी निघते आणि चढते. पण थांबताना सगळ्याच गाड्या चार चाकांवर थांबतात, आणि तेव्हा प्रश्न रबराचा असतो. ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं. बर्फावर ते प्लॅस्टिकसारखं वागतं. इथे पहिल्या बर्फाला खड्ड्यात गेलेल्या गाड्यांत फोर बाय फोर भरपूर असतात, कारण निघता आलं म्हणून चालवणाऱ्याने वेग धरलेला असतो. क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने लावावेच लागतात, मग गाडी कुठलीही असो.

भारतात हिवाळी टायर सहज मिळत नाहीत हे ठाऊक आहे. मग घाटवाट, निदान टायर नवे घ्या, नक्षी खोल असू द्या, आणि साखळ्या न्या. तुमच्या गाडीला साखळ्या पुढच्या चाकांना लागतील. त्या तुमच्याच मापाच्या घ्या आणि पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीनदा तरी लावून, काढून बघा, शेवटच्या वेळी हातमोजे घालून. उणे १२ मध्ये उघड्या बोटांना लोखंड चिकटतं, तेव्हा शिकायची वेळ नसते. लावल्यावर ताशी ३० च्या वर जाऊ नका, आणि कोरडा डांबरी रस्ता लागला की काढा.

आता कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. हायब्रिडमध्ये दोन वेगळे मार्ग असतात: एक इंजिनाचा, दुसरा इन्व्हर्टरचा, टाक्याही दोन. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ पर्यंत तग धरतं. पण महाराष्ट्रात मी स्वतः पाहिलंय, सर्व्हिसला पातळी कमी दिसली की नळाचं पाणी ओततात. पुण्यात त्याने काही बिघडत नाही. काझ्यात इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. दोन्ही टाक्यांचं कूलंट रिफ्रॅक्टोमीटरने (ते किती थंडीत गोठेल हे दाखवणाऱ्या उपकरणाने) तपासून घ्या, आणि समोर उभं राहून.

काचेवर फवारायच्या पाण्याची टाकीही पूर्ण रिकामी करून न गोठणारा द्रव भरा. शाम्पूचं पाणी नळीतच गोठतं. रात्री वायपर उभे करून ठेवा. ओल्या रस्त्यावरून आल्यावर रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नका, पॅड चिकटून बसतात. गाडी पी मध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कृपया तिघांनीही वाचा. रेडीमध्ये उभी हायब्रिड शांत असते, म्हणून ती बंद आहे असं वाटतं. हीटर चालू असेल तर इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं. सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचला असेल, किंवा गाडी बंद शेडमध्ये असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, झोप येते आणि माणूस उठत नाही. बर्फात अडकून गाडीतच थांबायची वेळ आली तर आधी उतरून मागचा पाइप मोकळा करा, खिडकी बोटभर उघडी ठेवा, दहा मिनिटं हीटर, मग बंद. रेडीमध्ये ठेवून तिघांनी झोपायचं नाही, एकाने जागायचं. सेलवर चालणारा मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो घ्याच.

घाटवाट | ७ डिसेंबर, रात्री १०:२०

उणे_तीस ताई, तुमचा प्रतिसाद छापून घेतला आणि बायकोने तो फ्रिजवर लावलाय.

आज कूलंट तपासलं. ओळखीच्या एका ट्रकवाल्याकडे रिफ्रॅक्टोमीटर होता. इन्व्हर्टरची टाकी उत्तम, उणे ३६. इंजिनाची उणे १४! दोन वर्षांत दोनदा सर्व्हिसिंग झालंय, कुठे काय ओतलं देव जाणे. मी कधी बॉनेटखाली नीट पाहिलंही नव्हतं. ट्रकवाले काका म्हणाले, ही गाडी काझ्यात एक रात्र उभी राहिली असती तर सकाळी तुम्ही रडत बसला असता. सगळं कूलंट काढून कंपनीने सांगितलेलं तयार मिश्रण भरलं, मी समोर उभा राहून.

१२ व्होल्टची बॅटरी १२.३ दाखवत होती. बदलली.

ऑइलबद्दल एक विचारायचंय. गॅरेजमध्ये म्हणाले की पहाडात जाताय तर जाड ऑइल टाका, इंजिनाला आधार मिळतो. टाकू का?

पाना_दहाचा | ८ डिसेंबर, सकाळी ७:३०

मुळीच नाही. मॅन्युअलमध्ये शून्य डब्ल्यूने सुरू होणारं ऑइल लिहिलंय ते थंडीसाठीच, तो आकडा थंड इंजिनात ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो. हायब्रिडचं इंजिन वाटेत कितीतरी वेळा बंद पडून पुन्हा सुरू होतं, कधी थेट चढावर भार घेतच. ऑइल क्षणात वरपर्यंत पोचलं पाहिजे. जाड ऑइल उणे २० ला मधासारखं होतं. लिहिलेल्या ग्रेडचंच टाका, नवीन फिल्टरसकट.

कोरडी_नदी | ८ डिसेंबर, दुपारी १:१०

काझ्यात कामानिमित्त दोन हिवाळे काढलेत, गाडी स्वतःची होती आणि तीही दोन चाकांवरची. रस्त्याबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट, पांढरा बर्फ दिसतो, त्याला लोक घाबरतात आणि हळू चालवतात. माणसं घेऊन जातो तो काळा बर्फ. सतलजच्या दरीत उन्हाची बाजू कोरडी असते आणि एका वळणावर डोंगराची सावली सुरू होते. तिथे आदल्या दिवशी वितळून रस्त्यावर आलेलं पाणी रात्री गोठलेलं असतं, काचेसारखं, डांबराच्याच रंगाचं. म्हणून गाडी सकाळी दहाच्या आधी काढायची नाही आणि तीननंतर पुढच्या गावाचा नाद धरायचा नाही. चार वाजता नाल्यांचं पाणी पुन्हा गोठायला लागतं. खाब सोडून नाकोची चढण लागली की हा नियम मोडू नका. मलिंग नाल्याजवळचा पट्टा सगळ्यात वाईट, तिथे वरून दगडही येतात. थांबून फोटो काढू नका.

दुसरी गोष्ट पेट्रोल. रिकाँगपिओच्या खाली पोवारीला टाकी काठोकाठ भरा, पुढचा भरवशाचा पंप काझ्यात. हायब्रिड आहे, ॲव्हरेज चांगलं आहे या हिशेबात राहू नका, तिथे इंजिन दिवसभर चालतं. पेट्रोल आहे हे मात्र तुमच्या फायद्याचं. साधं डिझेल त्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं, डिझेलवाले सकाळी टाकीखाली शेगडी धरून बसलेले मी रोज पाहायचो. तुमच्यावर ती वेळ येणार नाही.

तिसरी, उंची. काझा ३,६०० मीटरच्या वर आहे. इंजिनाला हवा साधारण एक तृतीयांशाने कमी मिळते आणि ताकदही तेवढी घटते. मोटरला हवा लागत नाही, ती तेवढीच ओढते, पण तिची बॅटरी लहान. खाब ते नाको चढताना ती पहिल्या काही वळणांतच संपेल आणि मग अशक्त इंजिन एकटं ओढेल. आवाज खूप होईल, वेग पडेल. घाबरून पाय दाबू नका, तिला तिच्या वेगाने चढू द्या.

माणसांनाही हेच लागू. रिकाँगपिओला दोन रात्री काढा, मग नाको किंवा ताबो, मग काझा.

रानवारांना सांगतो, तिथले कित्येक लोक दोन चाकांच्या लहान गाड्याच चालवतात. फरक इतकाच की ते वाईट दिवशी घरी बसतात. घाटवाट, तुमच्या सुट्टीत तीन दिवस जादा असतील तरच जा. परतीचं विमान किंवा ऑफिस डोक्यावर असलेला माणूस तिथे चुकीच्या दिवशी गाडी काढतो.

रानवारा | ८ डिसेंबर, दुपारी ३:४५

कोरडी_नदी, शेवटचा परिच्छेद शंभर टक्के मान्य. जादा दिवस असतील तर माझा आक्षेप मागे घेतो.

वायुभार | ९ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी साताऱ्याचा, भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. टायरमधल्या हवेबद्दल एक हिशेब मांडतो. थंडीत हवेचा दाब उतरतो हे सर्वांना माहीत असतं, पण उंचीवर बाहेरचा दाबही उतरतो आणि गेज नेहमी आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं, हे सुटून जातं.

पुण्यात दुपारी ३० अंशांना ३३ पीएसआय भरली असं धरू. पुण्यात बाहेरचा दाब १३.७, म्हणजे आतला एकूण ४६.७. काझ्यात उणे १० अंशांना हा ४०.५ होईल. तिथे बाहेरचा दाब केवळ ९.३, म्हणून गेज ३१ दाखवेल. पहाटे उणे २० ला ३०. मात्र चंदीगडला ८ अंशांच्या धुक्याच्या सकाळी तीच हवा २९ दिसेल, कारण तिथे थंडी आहे पण उंची नाही. म्हणजे हवा सर्वांत कमी दिसण्याची जागा काझा नसून चंदीगड आहे.

तेव्हा चंदीगडला सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, कंपनीने सांगितलेल्या आकड्याएवढी हवा करून घ्यावी. वर काझ्यात पहाटेही ती ३३ च्या आसपासच दिसेल, ती तशीच ठेवावी. बर्फावर पकड वाढेल म्हणून हवा काढू नये, पुढे दगडांचा रस्ता आहे आणि कमी हवेत रिमला मार बसतो.

उणे_तीस | ९ डिसेंबर, सकाळी ९:२५

सर, फारच सुंदर. सहा हिवाळे झाले, उंचीचा हा भाग कधी डोक्यातच आला नव्हता.

पाना_दहाचा | १२ डिसेंबर, रात्री १०:५५

आज जरा वेळ आहे, खडीचा आणि बर्फात रुतण्याचा भाग लिहितो. हायब्रिड इथे साध्या गाडीपेक्षा वेगळी वागते आणि ते आधी माहीत नसेल तर माणूस गोंधळतो.

रिव्हर्स. या प्रकारच्या हायब्रिडमध्ये मागे जाताना इंजिन चाकं ढकलत नाही, फक्त मोटर ढकलते. सपाटीवर कळत नाही. पण बॅटरी उतरलेली, रस्ता चढाचा आणि तुम्ही मागे घेताय, अशा वेळी गाडी हात टेकते. म्हणून अरुंद जागेत उताराकडे तोंड करून शिरू नका, म्हणजे बाहेर पडताना मागे चढावं लागणार नाही. मुक्कामाला गाडी लावतानाच हे बघा.

ट्रॅक्शन कंट्रोल. चाक फिरलं की गाडी ताकद कापते. बर्फात किंवा वाळूत रुतल्यावर हे इतकं कडक वाटतं की ॲक्सिलरेटर दाबून काहीच होत नाही आणि लोकांना वाटतं गाडी बिघडली. बटण दाबून ते बंद करा, चाक सरळ करा, हलक्या पायाने बाहेर काढा, निघालात की पुन्हा चालू. मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे बर्फावर पाय पिसासारखा हवा. इको मोड ठेवलात तर पेडल मऊ होतं, त्याचा उपयोग होईल.

उतार. लांब उतारावर ब्रेकची वीज भरून मोटरची बॅटरी लवकर गच्च होते, थंडीत तर ती आधीच कमी घेते. मग सगळा भार ब्रेकच्या पॅडवर. गिअरच्या दांड्यावर बी आहे, त्यात इंजिन गाडीला अडवून धरतं. घाट उतरताना बी वापरा. मात्र नुसत्या बर्फावर एकदम बी टाकू नका, पुढची चाकं अडून घसरतील. बर्फ सुरू होण्याआधीच वेग पाडलेला असावा.

ट्रॅफिक अडकलं तर एन मध्ये उभे राहू नका. एन मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही. दरड पडली आणि दोन तास थांबायचं असेल तर पी.

टोचन. पुढची चाकं जमिनीवर ठेवून गाडी लांब ओढत न्यायची नाही, चाकांबरोबर मोटर फिरते आणि आतल्या आत वीज तयार होते. खड्ड्यातून चार फूट बाहेर ओढणं वेगळं, ते हुकाला दोर लावून हळू करा. रामपूरपर्यंत न्यायची वेळ आली तर पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर.

चेंबर गार्ड. खालून पत्रा लावून घ्या, पण नटबोल्टने बसणारा. चेसिसला वेल्डिंग करू देऊ नका. खाली नारिंगी रंगाच्या जाड केबली दिसतील, त्या मोठ्या बॅटरीच्या. त्यांच्यावर जॅक, हुक, दोर काहीही येता कामा नये. दगड लागून त्यांचं कवच फाटलं असेल तर हात न लावता गाडी बंद करून थांबा.

शेवटचं, मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते. थंडीत लोक रजया, जाकिटं, बुटांच्या पिशव्या तिथेच कोंबतात. ती मोकळी ठेवा.

अबोली७ | १३ डिसेंबर, दुपारी १२:००

आम्हाला कुठेच जायचं नाही, तरी पूर्ण धागा वाचला. वाचनखूण साठवली. जाळीबद्दल वाचून आमच्या गाडीत पाहिलं, मुलाची क्रिकेटची बॅग बरोबर तिच्यावर!

घाटवाट | १४ जानेवारी, रात्री ८:१५

रिकाँगपिओला आहोत, दुसरी रात्र. बाहेर उणे ६. समोर किन्नर कैलास इतका स्वच्छ दिसतोय की बोलवत नाही. चंदीगडला सकाळी गेज लावला, बरोबर २९. सर, नमस्कार. उद्या दहा वाजता नाकोकडे निघतोय.

घाटवाट | ३० जानेवारी, रात्री ९:३०

परत आलो. तिघंही सुखरूप, गाडीही. सावकाश सगळं लिहितो, पुढच्या माणसाला उपयोग होईल.

नाकोची चढण कोरडी_नदींनी लिहिली तशीच्या तशी. चौथ्या वळणाला बॅटरीच्या दोन कांड्या उरल्या आणि इंजिन ओरडायला लागलं. ताशी २५. मी पाय तसाच ठेवला. मेहुणा म्हणत होता गाडीला काहीतरी झालंय, बायकोने त्याला धाग्याचं प्रिंट काढून वाचायला दिलं.

मलिंगच्या अलीकडे रस्त्यावर चाळीसेक फूट काच पसरलेली. समोरचा ट्रकवाला उतरून साखळ्या लावत होता, आम्हीही लावल्या. पार्किंगमध्ये नऊ मिनिटं लागायची, तिथे पंचवीस लागली. त्या चाळीस फुटांवर गाडी एकदाही घसरली नाही. पलीकडे उतरून साखळ्या काढताना माझे हात थरथरत होते, थंडीने आणि बाकीही कशाने.

ताबोला आमची चूक झाली. रात्री मेहुण्याने कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करायला गाडी नुसती ॲक्सेसरीवर ठेवली, रेडीवर नाही. दोन तास. सकाळी उणे १७, डॅशवर दिवे मिणमिणले आणि रेडी काही येईना. मीटरवर ११.४. नवी बॅटरी होती तरीही. जंप पॅक मी रात्री उशाशी घेऊन झोपलो होतो म्हणून तो गरम होता. लावला आणि दहा सेकंदांत रेडी. पाना_दहाचा, त्या क्षणी तुमच्या पाया पडलो असतो. त्यानंतर गाडी उभी असली की रोज सकाळी चाळीस मिनिटं रेडीमध्ये, मोकळ्या अंगणात, मी बाहेर उभा. १२.४ च्या खाली पुन्हा गेली नाही.

काझ्यात पहाटे उणे २१. रेडी लगेच आलं, इंजिन सलग बारा मिनिटं चाललं. गावात ब्रेक दाबला तरी चार्जिंगचा काटा जागचा हलत नव्हता, दुपारी उन्हात उभी राहिली की हलायचा. कूलंट तसंच पाणी घालून नेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार त्या सकाळी अंगावर आला.

रिव्हर्सही अनुभवला. होमस्टेच्या गल्लीत मी नेमकं उताराकडे तोंड करून गाडी लावली. सकाळी मागे चढेना, गाडी ताकदच देईना. घरच्या आजी आतून बुखारीची (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीची) राख घमेल्यात घेऊन आल्या, दोन्ही चाकांमागे टाकली, मी ट्रॅक्शन बंद केलं आणि गाडी एका दमात वर आली. पुढचे तीन दिवस आजी रोज सकाळी राखेचं घमेलं दाराशी ठेवायच्या.

किब्बरला आमची गाडी नेली नाही. तिथल्याच एकाची फोर बाय फोर घेतली. रानवारा, तो चढ पाहिल्यावर तुमची आठवण आली. हिमबिबट्या दिसला नाही, भरलांचा, म्हणजे पहाडी जंगली मेंढ्यांचा, मोठा कळप दिसला, कड्यावर उभा.

परतताना चितकुल करायचं मनात होतं. सांगल्यात एका ड्रायव्हरने सांगितलं की पुढे सावलीच्या वळणांवर काळा बर्फ आहे, सकाळी दोन गाड्या घसरल्या. वाजले होते दोन. हातात एक दिवस जादा होता, तो सांगल्यातच काढला आणि तिथूनच फिरलो.

ॲव्हरेज वर १५, पुण्यात २२ मिळतं. चेंबर गार्डला तीन खोल ओरखडे आहेत, म्हणजे ते तीन मार इंजिनाने खाल्ले नाहीत.

आणि ताबो. मठाच्या मातीच्या भिंतींवर बोटभर बर्फ होता, आवारात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बायको आत बसली. मी बाहेर गाडीपाशी उभा राहून मागचा पाइप मोकळा आहे ना ते पाहत होतो. ती बाहेर आली ती दीड तासाने.

उणे_तीस | ३० जानेवारी, रात्री ११:०५

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. वहिनींना पन्नाशीच्या खूप शुभेच्छा. घाटवाट, गाडी खालून दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या, कोपऱ्यांत अडकलेली माती ओल धरून ठेवते. नारिंगी केबलींच्या जोडांवर मात्र थेट फवारा मारू देऊ नका.

पाना_दहाचा | ३१ जानेवारी, सकाळी ७:१०

११.४ पर्यंत उतरलेली बॅटरी एकदा बाहेरच्या चार्जरने सावकाश पूर्ण भरून घ्या. गाडी ती तशी भरत नाही.

सड्यावरून | ३१ जानेवारी, सकाळी ११:३०

आम्ही दोघं २० फेब्रुवारीला निघतोय, गाडी तुमचीच भावंड, टायरही २१५/६० आर १७. साखळ्या पुण्यात कुठे मिळाल्या?

घाटवाट | ३१ जानेवारी, दुपारी १:४५

विकत घेऊ नका, माझ्याच घेऊन जा. डाव्या साखळीची एक कडी वाकली आहे, ती बदलून ठेवतो. जंप पॅक आणि मोनॉक्साइडचा अलार्मही देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी या, पार्किंगमध्ये दोनदा लावून दाखवतो. हातमोजे घेऊन या.